अडवलेली अकरा पत्रं

मळा, ता. फलटण
६ नोव्हेंबर २०२३

चि. श्रद्धास मामाचा आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का धाडलं म्हणशील. फोनवर माझं तोंड लय वंगाळ सुटतंय. लिवताना माणूस जरा थांबतो. फौजेत हुतो तवा घरला पत्रंच लिवायचो, ती सवय अजून हाय.

तुझी मामी जाऊन सव्वादोन महिनं झालं. मातीला आलीस तवा गर्दीत नीट सांगता आलं न्हाई, आता सांगतो. शंभूनं जहाजावर चढायच्या आधी आईला टॅब आणून दिला, तुमच्याच कंपनीचं नेट घेतलं, मेल काढून दिला. त्यो समुद्रावरनं फोटू धाडायचा, ती चष्मा लावून बघायची. तवर बरं हुतं. मग तिच्या मेलवर एक आलं, 'साखर मुळासकट घालवा, सुई कायमची बंद.' मराठीतनं. वर पांढऱ्या कोटातला डाक्टर हसतोय. तिनं पावडर मागवली आन मला न सांगता इन्शुलिन बंद केलं. वीस-बावीस दिवस. रोज सकाळी फ्रीज उघडायची, मला वाटायचं टोचून घेती. दवाखान्यात नेली तवा डाक्टरनं इचारलं, "औषध कुणी बंद केलं?" ती म्हणाली, "मेलवर आलं हुतं." त्याच्या म्होरं ती बोलली न्हाई.

साळूची शाळा चौथीपतूर. छापून आलेलं खरं असतंय, एवढं तिला ठावं हुतं.

शंभू चौथ्या दिवशी पोचला. मी त्याला दारातच म्हणालो, तूच ते खेळणं आणून दिलंस, तूच मारलीस, परत तोंड दावू नको. दहाव्याचं उरकून त्यो गेला. त्याचं नाव माझ्यापाशी काढू नको.

आता तुला इचारतो. ती वायर तुमची. त्या वायरीतनं हे इख आमच्या घरात आलं. पाटाच्या पाण्यात वर कुणी इख कालवलं तर पाटकरी दार बंद करतो का न्हाई? मग तुमी का करत न्हाई?

लालासाहेब

•

माधवनगर, सांगली
१७ नोव्हेंबर २०२३

ती. मामांस श्रद्धाचा साष्टांग नमस्कार.

पत्र ऑफिसातच उघडलं आणि उभ्या उभ्याच दोनदा वाचलं. मामींनी शेवटचं काय सांगितलं हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी टाळणार नाही. आमच्याकडे दिवसाला जेवढे मेल येतात त्यातले निम्म्याहून जास्त असलेच असतात. यंत्र लावून ते अडवता येतात. पण यंत्राला मजकूर कळत नाही मामा, ते अंदाज बांधतं. कुठून आलं, कोणते शब्द आहेत, एकदम किती जणांना गेलं, एवढ्यावर. मागच्या वर्षी आम्ही थोडं करून पाहिलं होतं. इथल्याच गल्लीतल्या समीक्षाला पुण्याच्या कंपनीनं मुलाखतीला बोलावलं होतं. ते पत्र यंत्रानं रद्दीत टाकलं आणि तारीख उलटून गेली. तिची आई माझ्यासमोर बसून रडली. त्या दिवशी मी आणि माझा भागीदार धवल, दोघांनी ठरवलं की आपण पोस्टमन आहोत. पोस्टमननं पाकीट फोडायचं नसतं. कुणाच्या घरी काय जावं हे ठरवणारी मी कोण?

त्यापेक्षा मी येते. तुमच्या टॅबवरच चाळण बसवून देते. जे संशयाचं असेल ते वेगळ्या कप्प्यात पडेल, आणि ठेवायचं की फेकायचं ते तुम्ही ठरवाल.

शंभूदादाबद्दल लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

तुमची,
श्रद्धा

•

मळा
९ जानेवारी २०२४

चि. श्रद्धास आशीर्वाद.

काल टॅब चार्जिंगला लावला. तिचे फोटू त्यात हायती म्हून. तर वर नवीन मेल आलेला. 'साळूबाईजी, आपली साखर आता कशी आहे?'

चार महिनं झालं तिला जाळून.

पोस्टमन पाकीट फोडत न्हाई, खरं. पर पाकिटातनं इंचवाची नांगी बाहेर दिसत असंल तर त्यो म्हातारीच्या हातात देतो का? तुझा कप्पा मला नको. साळूला कप्पा दिला असता तरी तिनं उघडलाच असता, तिला काय कळतंय कंचं संशयाचं. हितं वाडीवर अशा चाळीस साळू हायत्या. त्या समद्यांच्या घरी तू चाळण बसवाय येणार हायस का?

सांगलीची पोर म्हून तुझा अभिमान सांगत हिंडायचो मी. आता सांगत न्हाई.

फोनचं जुनं कार्डबी मोडून टाकलं, त्याच्यावर तसलंच येत हुतं. नवा नंबर खाली लिवलाय. तुझ्याबिगर कुणाला दिला न्हाई.

लालासाहेब

•

माधवनगर
२६ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

केलं, मामा. तुमचं पत्र मी धवलला वाचून दाखवलं. तो आधी नकोच म्हणत होता, मग म्हणाला, "लाव. चाळीस साळूबाई मोठ्या की एक मुलाखत मोठी, ते मला सांगता येत नाही. पण लाव."

एक तारखेपासून आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना, सांगलीपासून फलटणपर्यंत, कडक चाळण बसली. परदेशी सर्व्हरवरून आलेलं, पाठवणाऱ्याच्या खुणा न पटणारं, भलत्या अक्षरांतलं, सगळं आमच्याकडेच अडतं. घरी कप्पा दिसतच नाही, म्हणजे कुणी उघडायचा प्रश्नच नाही. पंधरा दिवस आमच्याकडे पडून राहतं आणि मग आपोआप पुसलं जातं. पाठवणाऱ्यालाही काही कळत नाही, नाहीतर ते दुसरी वाट शोधतात.

तक्रारी निम्म्यावर आल्या. परवा एका दवाखान्याच्या डॉक्टरांनी मुद्दाम येऊन आभार मानले. मला बरं वाटलं. मामींसाठी काहीतरी केलं असं वाटलं.

आता तुमच्या टॅबवर काही येतं का, तेवढं कळवा.

तुमची,
श्रद्धा

•

मळा
२ सप्टेंबर २०२४

चि. श्रद्धास मामाचा आशीर्वाद.

उत्तराला लय उशीर झाला. ऊस, पाऊस, आन जुनं गुडघ्याचं दुखणं. एका पायावर भार दिऊन चालतो.

टॅबवर आता कायबी येत न्हाई. लय मोठं काम केलंस. गेल्या खेपेला टाकून बोललो, ते मनात ठिवू नको.

दुसरी एक गोष्ट लिवतो, ती कुणाला सांगू नको. मी रोज सकाळी टॅब उघडतो. जावयाकडनं शिकून घेतलं, संयोगिता बाळंतपणाला आली हुती तवा. कुठं दाबायचं, कुठं वर सरकवायचं. साळूच्याच मेलवर जातो. बघतो. मग मिटून ठिवतो.

शंभूला मी नगं ते बोललो. दारात बोललो, भावकीदेखत. त्यो माझ्यावाणीच हाय, तोंडानं बोलायचा न्हाई. पर लिवंल, असं मला वाटत हुतं. फौजेत असताना माझा बाप माझ्यावर रागावला हुता तवा मी पत्रानंच मिटवलं हुतं. म्हटलं, पोरगं मेल लिवंल.

परवा साळूचं वर्षश्राद्ध झालं. त्या दिवशी म्या टॅब पाच-सहा येळा बघितला. काय न्हाई. आईचा दिवस इसरला, श्रद्धा. माझ्यावर राग धरू दे, आईचा दिवस कसा इसरला?

इसरू दे. मीबी आता इसरतो.

लालासाहेब

•

माधवनगर
५ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दादाचा फार राग आला. तो एवढा कोरडा असेल असं वाटलं नव्हतं. लहानपणी मळ्यात आलो की मला खांद्यावर घेऊन विहिरीपर्यंत पळायचा तोच हा का?

मागच्या दिवाळीत त्याचा एकदा निरोप आला होता. त्यानंतर नाही. आता मीही त्याला काही पाठवणार नाही. ज्याला बापाची वाट बघणं दिसत नाही त्याच्याशी मी काय बोलू?

तुम्ही रोज टॅब उघडू नका मामा. उगीच जीव लागतो. दिवाळीला सांगलीला या. आईला भाऊबीजेला भाऊ हवाय, आणि कृष्णाकाठावर बसायला मलाही कुणीतरी हवंय.

तुमची,
श्रद्धा

•

माधवनगर
२८ एप्रिल २०२५

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

एक चांगली बातमी आहे. जहाजावर माणसं भरणाऱ्या एजंटकडून दादाचा ठावठिकाणा मिळाला. मी त्याला लिहिलं आणि त्याचं उत्तर आलं. तो बरा आहे. या महिन्याच्या सुरुवातीला नव्या जहाजावर चढलाय. पंधरा मेच्या आसपास जहाज सिंगापूरला लागेल, तिथून तो तुम्हाला फोन करणार आहे. तुमचा नवा नंबर मी त्याला दिलाय.

मामा, तो लिहीत नाही म्हणून मी त्याला कोरडा म्हणाले होते. ते मी मागे घेते. तुम्हीही मनातून काढून टाका. का, ते आत्ता विचारू नका. तो स्वतः सांगणार आहे.

तुमची,
श्रद्धा

•

मळा
४ मे २०२५

चि. श्रद्धास लय लय आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. पोष्टमन जोतीरामला चहा पाजल्याबिगर सोडला न्हाई. त्यो म्हणाला, "आवं आबा, काय लाटरी लागली का?" म्या म्हटलं, "व्हय."

का, ते मी इचारत न्हाई. पोरगं बोलणार हाय, बास झालं.

फोन आता बनियनच्या खिशात असतो. लागणीला गेलो तरी संगं. रानात रेंज मिळत न्हाई म्हून विहिरीकडच्या उंचवट्यावर बसून जेवतो. संयोगिता हसती मला.

एक सांग. मी काय बोलू? तू शिकलेली हायस. 'चुकलं' असं बापानं म्हणायचं असतंय का? म्हणायचं असलं तर पयल्यांदा म्हणायचं का शेवटी? मला वाटतंय आधी 'जेवलास का' इचारावं. मग त्यो काय बोलतोय बघावं. आन मग म्हणावं. पर लाईन कटली तर? तुला काय वाटतं ते बिगीनं कळव.

लालासाहेब

•

माधवनगर
१६ जून २०२५

ती. मामा,

दादाच्या तेराव्याला मी तुमच्या समोर बसले होते आणि बोलले नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "त्यो फोन करणार हुता, तूच कळवलंस, तेवढं तरी मला मिळालं." तो हात मी घ्यायला नको होता. आज सगळं लिहिते. अर्ध्यात पत्र फाडू नका, एवढंच मागते.

दादा लिहीत होता. सबंध वर्षभर.

मामी गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, त्यानं मला विचारलं होतं, आबांना फोन करू का. तुमचं पहिलं पत्र तेव्हा नुकतंच आलं होतं. मी त्याला सांगितलं, फोन करू नकोस, मामा रागाच्या भरात बोलतील ते परत घेता येणार नाही. थोडे दिवस जाऊ दे, मग लिही. लिहिलेलं ते दहा वेळा वाचतील. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तो म्हणाला, "बरं. लिवतो."

त्यानं लिहायला सुरुवात केली तोवर मी चाळण बसवली होती.

जहाजावरचा मेल परदेशी सर्व्हरवरून येतो, बऱ्याच जहाजांचा मिळून एक. तिथल्या कीबोर्डवर मराठी नाही, म्हणून तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. यंत्राला त्या अक्षरांचा अर्थ लागेना. त्यानं सगळे मेल अडवले, आणि पंधरा-पंधरा दिवसांनी पुसून टाकले. त्याच्याकडे काही परत गेलं नाही. त्याला वाटलं तुम्हाला पोचलं. तुम्हाला वाटलं त्यानं लिहिलं नाही. आणि मी, जिच्या कपाटात ते पडून होतं, मी तुम्हाला लिहिलं की तो कोरडा आहे.

एप्रिलच्या बारा तारखेला एका गिऱ्हाइकाचं हरवलेलं पत्र शोधताना मी जुन्या नोंदी काढल्या. त्यात मामींचा पत्ता दिसला. अकरा मेल होते. नोंदीत फक्त तारीख आणि वरची ओळ राहते, आतला मजकूर राहत नाही. काही ओळी लिहिते. पहिल्याची ओळ होती, 'आबा शंभू हाय'. मग 'आबा चुकलं'. मामींच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, 'आईचा घास समुद्रात सोडला'. जानेवारीत, 'गुडघा कसा हाय'. मार्चमध्ये, 'एकोणीसला मुंद्र्याला उतरतो'. दोन दिवसांनी परत एक, 'येऊ का'.

मुंद्रा म्हणजे गुजरात, मामा. तिथून घर एका दिवसावर होतं. तो पंधरा दिवस बंदरावरच्या खोलीत तुमच्या उत्तराची वाट बघत राहिला. मग दुसऱ्या जहाजावर चढला.

अकरावा मेल दोन एप्रिलचा. तेवढा एक पुसला जायचा राहिला होता, म्हणून तो माझ्या हाती लागला. जसा आहे तसा मराठी अक्षरांत उतरवते.

"आबा, तुमचं उत्तर आलं न्हाई म्हंजे काय ते समजलं. माझा राग न्हाई. तुमच्या जागी मी असतो तर मीबी असाच वागलो असतो. उद्या दुसऱ्या जहाजावर चढतोय, नऊ महिन्याचं काम हाय. आता लिवून तरास देत न्हाई. संयोगिताला लेकरू झालं असंल, त्याला माझा पापा द्या. शंभू."

मी त्याच दिवशी एजंटकडून त्याचा नवा पत्ता काढून त्याला सगळं कळवलं, आणि तुम्हाला आधी सांगते असंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "तू सांगू नको. आबा सवताला दोष देत बसतील. मी सिंगापूरवरनं फोन करतो आन हसत हसत सांगतो." मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. तुमच्यासमोर हे बोलायची वेळ तो माझ्यावरून काढून घेत होता. म्हणून तुम्हाला ते अर्धंमुर्धं पत्र लिहिलं.

अकरा मे रोजी तो शिडीवरून जहाजाच्या मालाच्या खणात पडला. बंदर चार दिवसांवर होतं.

बारा एप्रिलला मी तुमचा नंबर लावला असता तर तुम्ही त्याच दिवशी त्याला चार शब्द पाठवू शकला असता. एक महिना होता मामा तुमच्याकडे. तो मी घेतला.

तो मेला त्या आठवड्यात मी चाळण काढून टाकली. धवल ओरडला, मी ऐकलं नाही. काल गल्लीतल्या धोंडुबाई आमच्या दारात आल्या, हातात फोन घेऊन. "पोरी, हे साखरंचं औषध कसं मागवायचं गं?" मी त्यांच्या पायाशी बसले.

तुम्ही मला काहीही म्हणा. मी ऐकेन.

श्रद्धा

•

मळा
२४ ऑगस्ट २०२५

श्रद्धा,

तुझं पत्र येऊन दोन महिनं झालं. तुझ्या आईचं फोन आलं, मी उचललं न्हाईत. पयल्यांदा मी पत्र चुलीत घालायला गेलो. मग आठवलं की त्यात त्याचं पत्र हाय. तेवढा भाग कापून घेतला. बाकीचं घातलं.

मग चार दिवसांनी वाटलं, समदं ठेवाय पायजे हुतं. जेवढं ध्यानात राहिलं तेवढं वहीत उतरवून ठिवलं. 'आबा शंभू हाय.' 'आबा चुकलं.' 'गुडघा कसा हाय.' ह्या तीन ओळी पाठ झाल्यात. त्या ओळींच्या खाली काय लिवलं असंल ते मी बांधावर बसून जुळवतो. एका दिवशी एक जुळतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. खरं कंचं, ते आता कुणी सांगणार न्हाई.

संयोगितानं इचारलं, "आबा, श्रद्धाताईचं काय चुकलं ते सांगा तरी." मी सांगितलं. ती मग म्हणाली, "दादाला कळलं हुतं न्हवं, तुमी वाट बघताय ते?" म्या म्हटलं, "व्हय." त्याचा शेवटचा महिना तरी त्या समजुतीत गेला. ते तुझ्यामुळं. हे लिवायला मला दोन महिनं लागलं.

तुझ्या यंत्रानं अकरा पत्रं अडवली. ते यंत्र मीच मागून घेतलं, हात धुवून तुझ्या मागं लागून. आन त्याच्याबी आधी मी पोराला दारात अडवला हुता, सगळ्यांदेखत. तू फोन नको म्हणालीस, कारण तुला माझं तोंड ठावं हुतं. तेबी खरंच हाय. रागात मी त्याला फोनवर काय बोललो असतो, देव जाणे.

धोंडुबाईचं वाचून मला साळू आठवली. चाळण परत बसव. पर तू मागं म्हणाली हुतीस तशी. अडवलेलं पुसायचं न्हाई. ज्याचं त्याला दावायचं, येगळं काढून, वर मोठ्या अक्षरात लिवून की ह्यात फसवणूक असंल, घरात कुणाला तरी इचारा. ज्याला वाचता येत न्हाई त्याच्या घरी माणूस पाठव. तरास हुईल, लोक नावं ठेवतील, कुणी तरी उघडंल आन फसंलबी. तवा शिव्या खा. आन पाठवणाऱ्याला कळव की तुझं पत्र दाराशी थांबलंय. चोराला कळलं तर कळू दे. तुझ्या भावाला कळलं असतं, तर त्यानं दुसरी वाट धरून घर गाठलं असतं.

पुढच्या आठवड्यात साळूचं दुसरं वर्षश्राद्ध हाय. दोघांचं पान मांडायचं हाय. तुझ्या आईला घिऊन ये. स्वैपाकाला हात पायजेत.

तुला माफ केलं असं मी लिवत न्हाई. माझा राग हाय. कवा जाईल ठावं न्हाई, जाईल का तेबी ठावं न्हाई. पर शंभूबद्दल बोलायचं म्हटलं तर त्याच्या खांद्यावर बसून त्याला बघितलेली तूच एक हायस. त्यो विहिरीपतूर पळताना हसायचा का, काय ओरडायचा, ते मला बापाला ठावं न्हाई, मी तवा फौजेत हुतो. ते मला सांगाय तरी ये.

मामा